दोन सारस, एक भोंगा

डोमा,

तुझ्या माघारी परवा पहिली सवारी नेली. नागपूरची सहा माणसं होती. जीप मीच चालवली, म्हणजे जीपनं मला कसंबसं सहन केलं. अंबागडाच्या पायथ्याशी गाडी लावली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि नेहमीच्या थाटात सुरू झालो. हा किल्ला गोंडांच्या काळचा. याच्या पोटात एक भुयार आहे. ते थेट नागपुरात निघतं, आणि रुंद इतकं की त्यातून दोन हत्ती शेजारी शेजारी, गप्पा मारत जातील.

एवढं बोलून मी सवयीनं थांबलो. कुठं थांबायचं ते तुला ठाऊकच आहे. हत्ती गप्पा मारायला लागले की तुझा भोंगा वाजायचा.

वाजला नाही.

सहाही जण माझ्याकडं बघत राहिले. त्यातल्या एक बाई शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि विचारलं, "भुयाराची उंची किती असेल अंदाजे?"

डोमा, आजवरच्या आयुष्यात माझ्यावर इतका विश्वास कोणी ठेवला नव्हता. बायकोनंसुद्धा नाही. उद्या ही बाई वर्गात उभी राहणार, फळ्यावर दोन हत्ती काढणार आणि चाळीस पोरं ते उतरवून घेणार. मी धावत जीपकडं गेलो, खिडकीतून हात घातला आणि स्वतःच भोंगा दाबला.

"काय झालं?" बाई दचकल्या.

"खोटं होतं ते," मी म्हटलं.

"मग सांगितलं कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते तुझ्याकडं होतं आणि तू तेरवी उरकून मोकळा झालेला. आपल्या थापेवर आपणच भोंगा वाजवणं म्हणजे आपल्याच वरातीत आपणच ताशा बडवण्यासारखं आहे. त्या दिवशी गायमुखला मी झऱ्याला झरा म्हटलं आणि चांदपूरच्या तलावाला तलाव म्हटलं. दुपारपर्यंत माझं बोलणं सरकारी पाटीसारखं झालं होतं. माणसं खूश होऊन गेली असं म्हणतात. मी नाही झालो.

हे कागदावर उतरवतो आहे म्हणजे कोणीतरी वाचणार, आणि वाचणाऱ्याला आपण दोघं कोण हे कुठून माहीत असणार? तेव्हा थोडं सांगावं लागेल. तू कंटाळू नको.

मी बिसन, सिहोऱ्याच्या धानकऱ्याचा मुलगा. तू चांदपूरच्या मासेमार ढिवराच्या घरचा. तुझ्या बापाचा डोंगा तलावावर, माझ्या बापाच्या धानाच्या बांध्या त्याच तलावाच्या पाण्यावर. शाळेत एका बाकावर बसलो आणि मग उठलोच नाही. पुढं दोघांनी मिळून एक जुनी जीप घेतली. ती इतकी जुनी की अंबागड बांधताना चुना तिच्यातूनच आणला होता. (ऐकलं. वाजवलास तू. पुढं जातो.) काचेवर मी लाल रंगानं 'भंडारा जिल्हा दर्शन' लिहिलं, आणि आपण लोकांना हा मुलूख दाखवत फिरायला लागलो. अंबागड, गायमुख, चांदपूर, कोक्याचं जंगल, खाली पवनी आणि वैनगंगा. तू चालवायचास, मी बोलायचो. पाखरू ओळखायचं, वाट ओळखायची, वारा कोणत्या अंगानं येतो ते सांगायचं, हे काम तुझं. बाकीचं जग माझ्याकडं.

भोंग्याची रीत कशी पडली ते मी आजवर सतरा प्रकारांनी सांगितलं आहे. आज तू समोर नाहीस, तेव्हा खरा प्रकार सांगतो. पहिलीच सवारी होती. चिखल्याच्या खाणीजवळून जाताना मी म्हटलं, इथल्या जमिनीत मँगनीज इतकं आहे की इथले कावळे बाकीच्या जिल्ह्यापेक्षा जास्त काळे असतात. मागं एक इंजिनिअर बसला होता. तो गंभीर होऊन म्हणाला, "पाण्यातून शरीरात जात असेल." ते ऐकून तुला असं हसू फुटलं की तुझं कपाळ स्टिअरिंगवर आपटलं आणि भोंगा वाजला. पोंप. सगळी गाडी हसली. इंजिनिअर सगळ्यात शेवटी हसला, पण सगळ्यात जास्त वेळ.

पुढच्या थापेला तू मुद्दाम दाबलास. एकदाच, छोटासा. तेव्हापासून तीच रीत. बिसन बोलणार, डोमा भोंग्यावर अंगठा ठेवून ऐकणार, आणि खऱ्याची हद्द ओलांडली की पोंप. मला आधी राग आला होता. गायमुखापर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही, म्हणजे बारा मिनिटं, आणि ती माझ्या जन्मातली सगळ्यात लांब बारा मिनिटं होती. पण पुढं लोकच विचारायला लागले, "ती भोंगेवाली गाडी कुठं आहे?" कोक्याच्या जंगलात भोंगा चालत नाही, तर तिथं तू वायपर फिरवायचास. उन्हाळ्यात कोरड्या काचेवर करकर करत वायपर एकदा इकडून तिकडं जायचा आणि मागची माणसं तोंडावर रुमाल धरून हसायची. एकदा एका चितळानं मान वर करून वायपरकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं. त्याच्या नजरेत तुझ्यासारखाच भाव होता. हे खरं आहे. हे तूही मान्य केलं होतंस.

आता कळतं की तुझ्या त्या भोंग्याच्या जिवावर मी खोटं बोलत होतो. पोहायला शिकताना कमरेला दोर असला की माणूस खोल पाण्यात उड्या मारतो, तसं. माझी थाप कोणाच्या घरी जाऊन नांदली नाही, कारण निघतानाच तू तिच्या पाठीवर शिक्का मारायचास. इतकी वर्षं मी तुला म्हणत आलो, "तू माझा धंदा बुडवशील बे." धंदा तुझ्या अंगठ्यावर चालला होता, हे कबूल करायला तुला मरावं लागलं.

एक भांडण मात्र आपलं तसंच राहिलं. ते पवनीच्या घाटावर सुरू झालं. दोन हजार वर्षांहून जुनं गाव, जमिनीखाली स्तूप, समोर वैनगंगेचं एवढं मोठं पात्र, आणि मी लोकांना सांगत होतो की या घाटाच्या पायऱ्या कोणी मोजू शकत नाही, दर वेळी एक कमी नाही तर एक जास्त भरते. जीप वर रस्त्यावर, म्हणून तू हातानंच भोंगा दाबल्यासारखं केलंस आणि तोंडानं पोंप म्हणालास. लोक पाण्याकडं गेल्यावर तंबाखूचा खर्रा गालात सरकवून तू म्हणालास,

"तुले खऱ्यात काय कमी पडते, सांग बरं."

"काही कमी नाही पडत. पण लोक खरं आयकाले घर नाही सोडत डोमा. खरं त्यायच्या घरी भरपूर असते."

"एवढी नदी देली तुले. एवढं जुनं गाव देलं. तरी तुले पायऱ्या हलवा लागते?"

"मंग तू सांग ना एखादी गोष्ट."

"मी कायले सांगू? मी दाखवतो ना."

याला मी उत्तर दिलं होतं, पण ते काय होतं ते आठवत नाही, म्हणजे फालतूच असणार. पुढच्याच महिन्यात कोक्यात तू मला दाखवून दिलंस. अमरावतीच्या एक आजी होत्या. सकाळपासून वाघ नाही म्हणून फुगून बसल्या होत्या. मी म्हटलं, आजी, वाघ आला होता, पण अमरावतीची माणसं आहेत म्हटल्यावर लाजून परत गेला. वायपर. आजी हसल्या नाहीत. तेव्हा तू गाडी एका झाडाला अशी खेटून लावलीस की उतरायची गरजच पडू नये. खोडावर वाघानं नखं ओढली होती. ओरखड्यांतून डिंक वाहत होता, अजून ओला. तू म्हणालास, "आजी, हात लावा."

आजींनी आपली पाच बोटं त्या ओरखड्यांत ठेवली. तो हात तिथून निघेना. गेटपर्यंत त्या तो हात दुसऱ्या हातात धरून बसल्या होत्या. उतरताना मात्र तुला म्हणाल्या, "भेटला रे बाबा वाघ." तू मान हलवलीस. आणि मी, ज्यानं त्या जंगलात आजवर किमान दोनशे वाघ सांगितले होते, गाडीमागं जाऊन उगाच स्टेपनी तपासत बसलो.

त्या दिवशी तुला सांगायला हवं होतं की आपलं भांडण तू जिंकलास. सांगितलं नाही. संध्याकाळी त्याच आजींची गोष्ट तुझ्यादेखत चहाच्या टपरीवर सांगितली, आणि तिच्यात वाघ झाडामागंच बसलेला होता.

आता मुद्द्यावर येतो. इतका वेळ फिरत होतो, कारण मुद्द्याची भीती वाटते.

सारसांची गोष्ट.

तू सात वर्षांचा असताना तुझ्या बापानं तुला डोंग्यात बसवून तलावाच्या पलीकडच्या काठाला नेलं होतं आणि धानात उभी असलेली एक जोडी दाखवली होती. राखाडी अंग, लाल मान, माणसाएवढी उंची. बाप म्हणाला होता, "हे जोडीनं राहतेत. पाहून घे." तू पाहून घेतलंस. त्यानंतर इकडं ते दिसले नाहीत. गोंदियाकडं आहेत, ते आपण दोघं जाऊन पाहून आलो, पण तुझं समाधान झालं नाही. तुला आपल्या पाण्यावरचे हवे होते. दर वर्षी धानाचा रोवणा आटोपला की सिहोऱ्याच्या रस्त्यावर, माझ्या बांध्यांजवळच्या वळणावर, तू गाडी हळू करायचास. कपाळावर हात धरून हिरव्या धानावरून नजर फिरवायचास आणि पुढं निघायचास. सवारी विचारायची, "इथं काय आहे?" तू म्हणायचास, "काही नाही."

आणि मी मूर्खानं एकदा त्याच वळणावर सांगून टाकलं की इथं दर पावसाळ्यात चाळीस सारस येतात आणि गोल करून नाचतात, आणि मधोमध एक म्हातारा सारस ताल धरतो.

तू भोंगा वाजवला नाहीस. गाडी थांबवलीस, खाली उतरलास आणि मला बाजूला नेलंस. तुझा आवाज चढला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो.

"बाकी सगळं खोटं बोल. वाघ सांग, हत्ती सांग, माह्या बापाले भूत दिसलं सांग. सारसावर नोको बोलू."

"बरं."

"बरं नोको म्हणू. नोको बोलू."

मी नाही बोललो पुन्हा. डोमा, आयुष्यात मी एवढा एकच शब्द पाळला.

मग तू खाटेवर पडलास. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं आणि घरच्यांनी तुझी बाज घरापुढच्या सपरीत टाकली, तिथून तलावाचा तुकडा दिसायचा. मी रोज यायचो. तुला हसवायला सगळं आणायचो. सिहोऱ्याच्या सरपंचाचा बैल पळाला आणि एसटीत बसून लाखांदूरला गेला, तिथं उतरला, कारण त्याची सासुरवाडी तिथं होती. तू डोळे मिटून अंगठा हवेत दाबायचास. पोंप. आवाज तुझा बसला होता, भोंगा मात्र साफ होता.

त्या सकाळी मी बांधीचं पाणी पाहायला सायकलनं गेलो होतो. बांधाच्या धुऱ्यावर चढलो आणि पाहिलं. दोन होते. एकानं मान खाली घातली होती, पाण्यात काहीतरी शोधत होता. दुसरा उभा होता. मी खिशातून मोबाईल काढला आणि घाईत फोटो काढला. मग ते चालत पुढच्या बांधीत गेले आणि उंच धानामागं दिसेनासे झाले. बस, एवढंच.

मी सायकल अशी मारली की सिहोरा ते चांदपूर चार मिनिटांत. (वीस. बरं, पस्तीस, चेनही पडली होती.) तुझ्या बाजेजवळ बसलो आणि सांगितलं.

"डोमा, सारस आले. माह्या बांधीत. दोन."

तू माझ्याकडं पाहिलंस. मग तुझा अंगठा उचलला गेला.

पोंप.

"अबे खरं सांगून राहिलो. फोटो आहे."

फोटो काढून दाखवला. त्यात माझा अंगठा आला होता आणि अंगठ्यामागं हिरवं काहीतरी. तू नीट पाहिलंस आणि म्हणालास, "अंगठा चांगला आला."

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. धुरा, पाणी, खाली घातलेली मान. तू ऐकत होतास, नजर तलावाकडं. संपल्यावर पोंप. मी तिसऱ्यांदा सांगितलं, चांदपूरच्या मारुतीची शपथ घेऊन. मारुतीची शपथ मी कधी खोटी घेत नाही हे तुला ठाऊक होतं. आणि तिसऱ्यांदाही तुझा अंगठा हवेत गेला.

मला लागलं रे. वैशाली, तुझी मुलगी, चहा घेऊन आली होती. तो मी घेतला नाही. म्हटलं, "जन्मात एकदा खरं बोललो तं तुले पटत नाही. राहू दे." आणि उठून निघून आलो.

त्यानंतर तीन सकाळी त्या धुऱ्यावर जाऊन बसलो. वाटलं, पुन्हा आले तर कोणाला तरी दाखवीन, साक्षीदार आणीन, चांगला फोटो काढीन. आले नाहीत. शेजारच्या बांधीतला गडी म्हणाला, "बगळे असतन भाऊ." त्याचंही बरोबर होतं, सांगणारा मी होतो. दुपारी तुझ्याकडं यायचो, बसायचो. सारसांचं तूही काढलं नाहीस, मीही काढलं नाही. पाण्याबद्दल बोललो, जीपच्या ब्रेकबद्दल बोललो. नवव्या दिवशी तू गेलास.

तुझ्या मयतीला दहा हजार लोक होते. बरं, हजार. बरं, सगळं चांदपूर होतं आणि सिहोऱ्याहून दोन ट्रॅक्टर भरून आले होते, आणि त्यात ती भोंगेवाली गाडी आठवणारी दोन अनोळखी माणसंही होती. सगळे रडत होते. मी त्यांच्यात उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. तू काय समजून गेलास? मरणाच्या दारातल्या माणसाला बरं वाटावं म्हणून बिसन्यानं सारसावरही थाप मारली, असं? जी एक गोष्ट तू मला बोलू नको म्हणाला होतास, तीच मी तुझ्या उशाशी बसून तीनदा बोललो, असं?

थापाड्याचं हे दुःख कोणाला सांगता येत नाही. ज्याला सांगावं तो हसतो.

त्या हत्तींच्या सवारीनंतर, काल सकाळी, मी जीपची चावी घेऊन तुझ्या घरी गेलो. ठरवलं होतं की चावी वहिनींच्या हातात द्यायची आणि सांगायचं, हे आता होत नाही माझ्यानं. वहिनी अंगणात मासे निवडत बसल्या होत्या. चावी मी त्यांच्या बाजूला ठेवली.

"हे काय वो भाऊ?"

"ठेवा. मी सोडून राहिलो."

त्या मासे निवडत राहिल्या. मग माझ्या तोंडून ते निघालंच.

"वहिनी, डोमा जाताना माह्यावर नाराज होता का?"

"काहून?"

"ते सारसाचं. त्याले वाटलं असन मी खोटं बोललो."

वहिनींनी मान वर केली. आणि डोमा, तू गेल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं. हातातला मासा त्यांनी टोपलीत टाकला.

"तुमी चहा न घेता गेले ना त्या दिवशी, तं मले जवळ बलावलं. म्हणे, सारस आले. म्या म्हटलं, भाऊचं कायले खरं मानता? तं म्हणे, बिसन्या खोटं बोलला असता तं चाळीस सांगतला असता. दोनच सांगते. तिनदा सांगतलं, तिनदा दोनच. एकानं मान खाली घातली म्हणते. हे त्याच्या डोक्यातलं नाही."

मी उभा होतो तो खाली बसलो.

"मंग भोंगा काहून वाजवला?"

"भोंगा वाजवला का तुमी पहिल्यापासून सांगता ना. त्याहिले पुन्हा आयकाचं होतं."

मी काही बोलू शकलो नाही. हे तुझ्यासाठी नवीन असेल. वहिनींनी मला पाणी दिलं, मी ते प्यायलो, आणि तरी बोलू शकलो नाही. वैशाली दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढं आली, जमिनीवरची चावी उचलली, आणि "किती वाजता निंगाचं आहे उद्या?" एवढंच विचारलं. ट्रॅक्टर ती तुझ्यापेक्षा चांगला चालवते. जीप तुझ्यापेक्षा थोडी कमी चांगली चालवते, हे तिला सांगितलेलं नाही.

डोमा, तुझ्या हयातीत मी तुझे आभार मानले नाहीत, कारण तू भोंगा वाजवला असतास. आता मानतो. कोक्यातल्या झाडाबद्दल. त्या चितळाबद्दल. माझ्या प्रत्येक थापेला निघण्याआधी अडवून मला इतकी वर्षं बरा माणूस ठेवलंस त्याबद्दल. एवढ्या वर्षांत तुझ्या बाजूला बसून मी माझं खोटं मोजत होतो आणि तू माझं खरं ओळखायला शिकत होतास, हे मला कळलंच नाही. पवनीचं भांडण तू जिंकलास. हे लिहून देतो. खाली सही करतो पाहिजे तर.

आज सकाळी सवारी नेली. वर्ध्याचं एक कुटुंब होतं, आणि वैशाली चालवत होती. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. तरी सिहोऱ्याच्या रस्त्यावर, आपल्या वळणावर, गाडी आपोआप हळू झाली. तिनं कपाळावर हात धरून धानाकडं पाहिलं, तुझ्यासारखंच. धान आता पिवळं पडायला लागलं आहे.

"इथं काय आहे?" मागून एका काकांनी विचारलं.

मी म्हटलं, "मागं या बांधीत दोन सारस उभे होते."

"दोनच?"

चाळीस माझ्या दातांपर्यंत आले होते, डोमा. एकमेकांना ढकलत होते. मी तोंड मिटून धरलं आणि म्हटलं, "दोनच."

मग हळूच वैशालीच्या हाताकडं पाहिलं. हात गिअरवर होता. भोंग्याकडं गेला नाही. धानावरून वारा गेला, आणि त्या एवढ्या वेळात, आयुष्यात पहिल्यांदा, माझं खरं लोकांनी खरं म्हणून ऐकलं.

ते मला फार वेळ सोसलं नाही. तो आवाज ऐकल्याशिवाय पुढं जाववेना. म्हणून मी मागं वळलो आणि त्या काकांना सांगितलं, "त्यातला एक मान वर करून माझ्याकडं पाहत राहिला, आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, आज डोमा नाही आला का?"

वैशालीनं भोंगा दाबला. तू दाबायचास तसा छोटासा नाही. बराच वेळ तिनं अंगठा उचललाच नाही.